लाल टोपी, केशरी टोपी

घरात इन्सुलिन घेणारं कुणी असेल तर एवढं वाचाच.

माझी माय अहमदपूरजवळच्या खेड्यात राहते. आठ वर्षांपासून इन्सुलिनवर आहे. बाटलीतलं, सकाळी २० युनिट, रात्री १२. स्वतःच पोटावर टोचून घेते. माळकरी बाई, सुरुवातीला "डुकराचं असतंय म्हणं" म्हणून नको म्हणायची. अगदीच चूक नव्हतं तिचं, पूर्वी डुकरा-गाईंच्या स्वादुपिंडातूनच काढायचे. आता मिळतं ते मानवी इन्सुलिन, जिवाणू नाहीतर यीस्टकडून कारखान्यात बनवून घेतलेलं, १९८२ पासून बाजारात आहे. हे सांगितलं तेव्हा कुठं तयार झाली. गावात फ्रीजचा भरवसा नाही, लाईट कधी जाईल नेम नसतो, म्हणून बाटली पिशवीत घट्ट बांधून माठात ठेवते.

मे महिन्यात नांदेडला माझ्याकडं आली. सिरिंज संपल्या म्हणून मी मेडिकलमधून पाकीट आणलं. मागितलं "इन्सुलिनची सिरिंज", दिली इन्सुलिनची सिरिंज. त्यानं काही विचारलं नाही, मीही नाही.

चौथ्या दिवशी मशीनवर शुगर ४१०. दुसऱ्या दिवशी ४५०. मी चिडलो. घरात केशर आंब्याची पेटी होती ना. "किती आंबे खाल्लेस, खरं सांग." ती म्हणाली, "एकच फोड रे लेकरा." माझा विश्वास बसला नाही. नातवासमोर बोललो तिला. त्या दिवसापासून तिनं भाकरीसुद्धा अर्धीच घ्यायला सुरुवात केली.

शेवटी दवाखान्यात नेलं. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, "आजी, कसं घेता ते दाखवा बरं." मायनं पिशवीतनं बाटली आणि सिरिंज काढली. सिस्टरनी नुसती टोपी बघितली. केशरी.

आपल्याकडं बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक ४० चं असतं, म्हणजे एक मिलीत ४० युनिट. त्याची सिरिंज लाल टोपीची. पेनमधलं १०० चं असतं. काही बाटल्याही १०० च्या येतात, त्यांची सिरिंज केशरी टोपीची. ४० चं औषध केशरी सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरलं, तर पोटात जातात फक्त ८ युनिट. माझी माय पाच दिवस निम्म्याहून कमी औषधावर होती आणि मी आंबे मोजत होतो.

उलटं झालं तर जास्त वाईट. १०० चं औषध लाल सिरिंजमध्ये भरलं तर अडीचपट जातं. दरदरून घाम, हातपाय थरथरणं, बेशुद्धी. माणूस झोपेतच जाऊ शकतो.

ऑक्टोबर २०२३ मध्ये विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, तेव्हा औषध तुटवड्यावर आम्ही पानंच्या पानं भरली. भरायलाच हवी होती. पण टोपीच्या रंगावर वीस वर्षांत मी चार ओळी लिहिल्या नाहीत. मेडिकलवाल्यानं "बाटली ४० ची का १०० ची?" एवढं विचारलं पाहिजे. सरकारी दवाखान्यात बाटली देताना तिच्याच जोडीची सिरिंज हातात दिली पाहिजे. याला निधी लागत नाही की जीआर. उद्या औषध निरीक्षकांना भेटून हेच विचारणार आहे. तोवर तुम्ही घरातली बाटली आणि सिरिंज शेजारी ठेवून आकडा जुळतो का बघा. जुळत नसेल तर डोस मनानं बदलू नका, डॉक्टरांना फोन करा.

माय परत गावी गेलीय. आता मेडिकलमध्ये "लाल टोपीचंच दे बाबा" म्हणून सांगते. आंब्यांबद्दल मात्र मी तिला अजून काही बोललेलो नाही.