एका वायरीची दोन टोके

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेले माणूस म्हणजे मी एकटीच. त्यामुळे घरात कसलाही कागद आला की तो आधी माझ्यापुढे येतो. विजेचे बिल, सोसायटीची नोटीस, औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरे. एकदा तर शेजारच्या काकू सुनेचा एक्स-रे घेऊन आल्या होत्या! आबांच्या लेखी कॉलेज ही एकच वस्तू आहे. कला, वाणिज्य, विज्ञान अशा भिंती तिच्यात नाहीत. संतसाहित्याचा पेपर देणाऱ्या मुलीला एक्स-रेतले काय कळणार, हे त्यांना कसे सांगावे? आणि खरे सांगायचे तर, सांगावेसे वाटतही नाही. कारण 'पोरगी बघेल' असे म्हणताना त्यांचा चेहरा मोठा बघण्यासारखा असतो.

२०२४ च्या दिवाळीनंतर कांद्याला बरा भाव मिळाला. ('बरा' हा शब्द आमच्या निफाड तालुक्यात फार जपून वापरतात.) त्या पैशांतून विहिरीपासून वरच्या वावरापर्यंतची पाइपलाइन बदलायची, असे दोन वर्षांपासून ठरलेले होते. जुनी लाइन जागोजागी गळते. मोटार चालू केली की वाटेत चार-पाच कारंजी उडतात आणि वरच्या वाफ्यापर्यंत पाणी पोचते ते नावाला.

पण त्याच सुमारास मला टायपिंगची कामे मिळू लागली होती. गावातल्या एका छापखान्याची पत्रिका, एका वकिलांचे अर्ज, असे काहीबाही. मी ती मोबाइलवर अंगठ्याने करीत असे. एका रात्री आबा पाणी प्यायला उठले, तेव्हा मी अंगठ्याला चिंधी बांधून चौदाव्या पानावर होते. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "पाइप पुढल्या साली. या दोघांना ते मशीन घेऊन टाकू. साठ हजारांत बसव." आणि माझ्याकडे बघून, "कोणतं घ्यायचं ते तू बघ. तू कॉलेजात आहेस."

मला यातले काही कळत नाही, असे मी त्याच ताटावर सांगायला हवे होते. मी भाकरी मोडीत राहिले.

पुढचा महिनाभर मी जो अभ्यास केला, तो परीक्षेचा केला असता तर प्राध्यापकांनी पाठ थोपटली असती. भाषाविज्ञानाच्या वहीची मागची पाने भरून गेली. धाकटा बारावी सायन्सला. त्याचे म्हणणे एकच, ज्यावर गेम चालेल तेच घ्यायचे. मी त्याला प्रथम झाडला. बाप पाइपलाइन थांबवतो आणि याला खेळ सुचतात! पण तो गप्प बसणारा नव्हे. म्हणाला, "ताई, गेम चालला तर तुझं टायपिंग चालेलच. टायपिंग चाललं म्हणून गेम चालेल असं नाही." हे तर्कशास्त्र बिनतोड होते.

त्यानेच मला हर्ट्झ शिकवले. पडद्यावरचे चित्र सेकंदाला ६० वेळा बदलले तर एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकते; १४४ वेळा बदलले तर ६.९. एवढ्याशा फरकाने काय होते, असे मी विचारले. तो म्हणाला, आट्यापाट्या खेळताना पाटी धरणारा अर्धी पापणी आधी दिसला तर काय होते? यानंतर मी विचारणे सोडले.

त्या महिन्यात ज्या गोष्टींनी मला चक्रावले, त्यांतली एक म्हणजे नावे. एकाच नावाचा ग्राफिक्स कार्ड दोन लॅपटॉपांत सारखे काम करील असे कोणालाही वाटेल. तसे नसते. आरटीएक्स ३०५० हे लॅपटॉपमधले कार्ड ३५ वॉटपासून ८० वॉटपर्यंत कितीही विजेवर चालवतात. बैल तोच, पण कोणी पेंड घालतो, कोणी नुसता कडबा. खोक्यावर बैलाचे नाव असते, चाऱ्याचे नसते. तो आकडा कंपनीच्या पत्रकात तळाशी शोधावा लागतो.

आणि यूएसबी! २००८ साली यूएसबी ३.० आली, सेकंदाला ५ गिगाबिट नेणारी. २०१३ मध्ये तिलाच यूएसबी ३.१ जेन १ म्हणू लागले आणि २०१९ मध्ये ३.२ जेन १. वेग तोच, तारा त्याच, नाव तिसरे. आमच्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरून नवऱ्या मुलाला अंगठीने बायकोचे नवे नाव लिहायला लावतात, त्याची मला आठवण झाली. निदान तो सोहळा एकदाच होतो.

पुण्याच्या मावसभावाने मध्येच आपला जुना लॅपटॉप देऊ केला. आईला वाटले, देवच पावला. पण त्यातला प्रोसेसर इंटेलच्या सहाव्या पिढीचा होता आणि विंडोज ११ ला किमान आठवी पिढी लागते. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे जाहीर झालेले होते. फुकटची वस्तू नाकारणारी मुलगी म्हणून मावशीकडे माझे नाव झाले ते झालेच.

धाकट्याची दुसरी मागणी फोर-के मॉनिटरची. तिच्यासाठी मी गणित मांडले आणि इथे आबा पहिल्यांदा पुढे सरकून बसले. पडद्यावर आडवे ३८४० आणि उभे २१६० ठिपके. म्हणजे ८२ लाख ९४ हजार ४००. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगायला २४ बिट. सेकंदाला ६० चित्रे. गुणाकार होतो जवळजवळ १,१९४ कोटी बिट, दर सेकंदाला! आमच्या पैशांत बसणाऱ्या पुष्कळ लॅपटॉपांना एचडीएमआयची १.४ ही आवृत्ती होती, २००९ सालची. तिच्यातून चित्राचे फार तर ८१६ कोटी बिट जातात. म्हणजे फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच येणार, माऊसचा बाण मागे-मागे रखडणार.

"म्हणजे मोटार पाचची आणि पाइप दीड इंची," आबा म्हणाले.

"तसंच."

"मग मोठी टाकी घेऊन काय करायचं?" फोर-केचा विषय तिथेच संपला.

जानेवारीत आम्ही तिघे पंचवटीने मुंबईला गेलो. दादरला उतरून ग्रँट रोड, आणि तिथून लॅमिंग्टन रोड. नाव मुंबईच्या जुन्या गव्हर्नराचे, पाट्यांवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे असते, पण विचाराल तर लोक लॅमिंग्टनच म्हणतात. दुकानाला दुकान चिकटलेले, फुटपाथवर वायरींचे घोस लोंबताहेत, वर जिन्याजिन्यांत आणखी दुकाने. आबा टोपी सावरीत मधोमध उभे राहिले आणि म्हणाले, "पिंपळगावच्या मार्केटसारखंच आहे की. फक्त वास नाही."

लॅपटॉप ठरवूनच गेलो होतो. १५.६ इंची, पडदा १४४ हर्ट्झचा, १६ जीबी रॅम, ५१२ जीबीची एसएसडी. उरलेल्या पैशांत एका जिन्यावरच्या दुकानात ऑफिसातून काढलेला २४ इंची मॉनिटर मिळाला. तो मीच निवडला आणि त्याबद्दल मला अजून अभिमान आहे. त्याची उंची १०८० ठिपक्यांऐवजी १२०० ची. म्हणजे मजकुराच्या चार-सहा ओळी जास्त दिसतात. पडदा आयपीएस जातीचा. मी मुद्दाम बाजूला सरकून पाहिले, रंग पालटले नाहीत. आई नेहमी बाजूला बसूनच बघणार, हे मला ठाऊक होते.

मॉनिटरच्या पाठीला तीन तोंडे होती : व्हीजीए, डीव्हीआय, डिस्प्लेपोर्ट. लॅपटॉपला एक एचडीएमआय आणि एक टाइप-सी. महिनाभर अभ्यास केलेल्या माझ्या डोक्यात हे आले नाही, की दोघांचे एकही तोंड जुळत नाही. दुकानदाराने टाइप-सी ते डिस्प्लेपोर्ट अशी वायर काढून दिली. मी चाचरत विचारले, "याच्यातून चित्र जाईल ना?" तो दुसऱ्या गिऱ्हाइकाचे पैसे मोजीत होता. "टाइप-सी है ना? सब सेम है." आबा माझ्याकडे बघत होते. मी जाणत्या माणसासारखी मान डोलावली. नऊशे रुपये.

रात्री घरी पोचून, देवाला साखर ठेवून, वायर जोडली. मॉनिटर उजळला, निळ्या चौकटीत 'नो सिग्नल' अशी अक्षरे आली आणि तो काळा झाला. वायर उलटसुलट केली. पुन्हा काळा. शेजारची मंडळी बघायला आलेली होती. धाकट्याने प्रसंग ओळखून लॅपटॉपच्या पडद्यावर मोटारींची शर्यत लावून दिली, म्हणून लाज राहिली.

पुस्तिकेत शोधले तेव्हा कळले. टाइप-सी हे २०१४ साली आलेल्या तोंडाच्या आकाराचे नाव आहे, फक्त आकाराचे. चोवीस पिनांच्या त्या तोंडातून चित्र सोडायचे की नाही, हे बनवणाऱ्याच्या मर्जीवर. सोडत असेल तर शेजारी बहुधा 'डी' आणि 'पी' यांची जोडखूण किंवा विजेची खूण असते. आमच्या लॅपटॉपला नुसता त्रिशूळ होता.

नाशिकला जाऊन दुसरी वायर आणली. एका टोकाला एचडीएमआय, दुसऱ्याला डिस्प्लेपोर्ट. दोन्ही टोके आपापल्या जागी टच्चकन बसली. पडदा काळा तो काळाच. साडेचारशे रुपये.

त्या रात्री मला झोप आली नाही. तेराशे पन्नास रुपयांत किती फूट पाइप आला असता, हे मी अंथरुणात मोजीत होते. मग उठून बॅटरीच्या उजेडात वायरीचे पाकीट पुन्हा वाचायला बसले. पाकिटावर एक बाण होता, डिस्प्लेपोर्टकडून एचडीएमआयकडे. चित्र त्याच दिशेने जाते, उलट जात नाही. उलट न्यायचे तर मध्ये रूपांतर करणारे वेगळे यंत्र लागते. मला चित्र एचडीएमआयकडून यायला हवे होते.

"काय वाचतीस?" आबा ओट्यावरून आत आले.

मी वायर दाखवली. दोन्ही टोके बसतात, पण इकडचे तिकडे जात नाही, तिकडचेच इकडे येते, असे काहीतरी सांगितले. त्यांनी वायर हातात घेऊन दोन्ही टोके चाचपली.

"फूटव्हॉल्व्ह आहे म्हण की यात."

"हो."

"मग त्या यंत्राला तिसरं तोंड आहे ना? ते का सोडलं?"

तिसरे तोंड म्हणजे डीव्हीआय, १९९९ सालचे. पांढरे, रुंद, दोन बाजूंना स्क्रू असलेले. मी त्याला जुनाट समजून पहिल्याच दिवशी वजा केले होते. आता वही काढून शोधले. एचडीएमआय २००२ मध्ये आली तेव्हा तिने चित्र पाठवायची रीत डीव्हीआयचीच उचलली आणि वर आवाजाची सोय केली. म्हणून या दोघांना जोडणारी वायर साधी असते, कोणत्याही दिशेने चालते आणि १९२० बाय १२०० चे चित्र सेकंदाला ६० वेळा आरामात नेते. आवाज मिळत नाही, पण आमच्या मॉनिटरला स्पीकर होतेच कुठे?

मी वही मिटली आणि म्हटले, "आबा, मला यातलं काही येत नव्हतं. तुम्ही म्हणालात तेव्हाच सांगायला पाहिजे होतं."

"ते मला लॅमिंग्टन रोडलाच दिसलं," ते म्हणाले. "तू त्याला विचारलंस ना, जाईल का म्हणून, तेव्हा. पण म्हटलं, त्या माणसापुढे कशाला." मग थोडे थांबून, "मला तरी पहिली मोटार बसवली तेव्हा कुठं येत होतं? दोन स्टार्टर जाळले."

हे दोन स्टार्टर मी आयुष्यात प्रथमच ऐकत होते.

तिसरी वायर अडीचशेला मिळाली. स्क्रू आबांनीच पिळले, जरा जास्तच. चित्र आले. आता धाकटा लॅपटॉपच्या १४४ हर्ट्झच्या पडद्यावर खेळतो तो त्याला नेमून दिलेल्या वेळात. बाकी वेळ मोठ्या पडद्यावर माझी पाने असतात आणि आई भाजी निवडीत बाजूला बसून शुद्धलेखन नसले तरी आमंत्रणातल्या मानापानाच्या चुका काढते. नाव कोणाचे आधी घ्यायचे हे तिला वकिलांपेक्षा चांगले कळते.

ज्या पहाटे चित्र आल्यानंतरचे पहिले टायपिंग मी संपवले, त्या वेळी वावरातली लाइट आली होती. आबा बॅटरी आणि सायकलच्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या घेऊन निघाले होते. मीही मागोमाग गेले. तिसऱ्या जोडापाशी पाणी जोरात उडत होते. मी दोन्ही हातांनी पाइप दाबून धरला आणि आबा पट्टी गुंडाळू लागले.