प्रायमर बसवण्याचं यंत्र घ्यावं का?

वापरलेल्या पुंगळ्या घरीच पुन्हा भरायच्या तर प्रायमर बसवायला कोणतं यंत्र चांगलं, हा प्रश्न नगरच्या नेमबाजांतही निघतो. परदेशातले व्हिडिओ पाहून तो पडणं स्वाभाविक आहे. या खेळात राहून माझं मत मात्र पक्कं झालं आहे: आपल्याकडच्या नेमबाजाने यातलं कोणतंही यंत्र घेऊ नये. यंत्रायंत्रांत फरक नाही असं मी म्हणत नाही. प्रायमरच्या इवल्याशा टोपीत स्फोटक मिश्रणाचा थर असतो आणि त्यावर दोन किंवा तीन पायांची ऐरण. ते पाय पुंगळीच्या खोबणीच्या तळाला टेकले पाहिजेत आणि टोपी बुडाच्या पातळीपेक्षा किंचित आत राहिली पाहिजे. ती वर राहिली तर फायरिंग पिनचा ठोका टोपी आत ढकलण्यातच वाया जातो आणि गोळी उडत नाही; स्वयंचलित भरणीच्या बंदुकीत तर बोल्ट बंद होतानाच बार उडू शकतो. हातात धरून दाबायच्या साधनात टोपी तळाला टेकल्याचं अंगठ्याला कळतं. टेबलावरच्या मोठ्या प्रेसच्या लांब दांड्याला ती जाणीव कमी, वेग मात्र जास्त. म्हणून जिथे हे काम कायदेशीर आहे, तिथे अचूकता हवी असणाऱ्याने हाताचं साधन निवडणं योग्यच.

आपल्याकडे गाडी त्याआधीच अडते. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात ‘दारूगोळा’ या संज्ञेत काडतुसाचे सुटे भाग आणि ती बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. म्हणजे ‘दारू नाही, प्रायमर नाही, नुसतं यंत्र ठेवतो’ हा बचाव लंगडा आहे. विनापरवाना दारूगोळा बनवण्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. बंदुकीचा परवाना हा काडतुसं बनवण्याचा परवाना नव्हे. अमेरिकेत लोक हे घरी करतात, हे खरं. पण तिथे प्रायमर आणि दारू दुकानात मिळते आणि कायदाही मुभा देतो. इथे तशी मोकळीक नाही.

‘पण अचूकतेचं काय?’ हा आक्षेप सर्वांत वजनदार वाटतो आणि तोच सर्वांत लवकर गळून पडतो. आपल्या क्लबांत मुख्यतः एअर रायफल, एअर पिस्तूल आणि पॉइंट टू-टू चालते. पॉइंट टू-टूच्या काडतुसात वेगळा प्रायमर नसतोच. मिश्रण पुंगळीच्या कडेच्या पोकळीत भरलेलं असतं आणि पिनच्या ठोक्याने ती कडच चेपते. ती पुंगळी पुन्हा भरण्याजोगी राहत नाही. तेजस्विनी सावंत यांचं २०१० चं म्युनिकमधलं जागतिक विजेतेपद आणि स्वप्नील कुसाळे यांचं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधलं कांस्यपदक, दोन्ही पन्नास मीटरची आणि याच काडतुसावरची. तिथे काडतुसं घरी भरत नाहीत. वेगवेगळ्या लॉटची काडतुसं आपल्या नळीतून झाडून पाहतात आणि ज्याचा गट घट्ट येतो तो लॉट घेतात.

महाग काडतुसांची तक्रार मात्र रास्त आहे. तिच्यावरचा उपाय म्हणजे अधिक सराव एअर रायफलवर करणं आणि रिकाम्या बंदुकीने ट्रिगरचा सराव करणं. पॉइंट वन-सेव्हन-सेव्हन बोअरच्या आणि वीस ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या एअर रायफलला परवानाही लागत नाही. बारा बोअर वापरणाऱ्यालाही घरी भरण्याचं कारण नाही; ती काडतुसं १८६९ पासून चालू असलेल्या खडकीच्या कारखान्यात बनतात. प्रायमरच्या मिश्रणात सहसा शिशाचं संयुग असतं आणि ते ठोक्याने पेटतं. असं काम तपासणी आणि सुरक्षेची व्यवस्था असलेल्या कारखान्यातच शोभतं. खारे कर्जुने गावाजवळच्या लष्कराच्या के. के. रेंजभोवती भंगार वेचताना स्फोटात माणसं दगावलेली हा जिल्हा जाणतो. म्हणून तरुण नेमबाजांना माझं सांगणं आहे: यंत्राचे पैसे पेलेट, प्रशिक्षक आणि रेंजवरच्या वेळेवर खर्च करा, आणि काडतुसं परवानाधारक दुकानातूनच पावती घेऊन आणा.