२८ विरुद्ध शून्य

स्नूकर या खेळाचे नावच नवशिक्यावरून पडले आहे. १८७५ च्या पावसाळ्यात जबलपूरच्या छावणीतील इंग्रज अधिकारी बिलियर्ड्सच्या टेबलावर रंगीत चेंडूंची भर घालून वेळ काढीत होते. त्यांच्यापैकी एकाचा सोपा चेंडू हुकला तेव्हा नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याने त्याला ‘स्नूकर’ म्हटले, कारण वूलिचच्या लष्करी अकादमीत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला याच शब्दाने हिणवले जाई. तो मनाला लावून घेईल या विचाराने, या खेळात आपण सगळेच स्नूकर आहोत, अशी पुस्तीही त्याने जोडली, असे त्यानेच पुढे सांगितले आहे. (हा चेंबरलेन म्हणजे नंतरचा पंतप्रधान नव्हे.)

ही पुस्ती अजून कोठे खरी होत असेल, तर ती जिमखान्यांच्या हौशी हँडिकॅप स्पर्धांत. हँडिकॅप म्हणजे दुबळ्या खेळाडूला आरंभीच दिलेले वाढीव गुण. एखाद्याला २८ गुण मिळाले, तर बलवान प्रतिस्पर्ध्याने चार लाल आणि प्रत्येकामागून सात गुणांचा काळा असे सलग आठ चेंडू खिशांत घातले, तरच ३२ गुणांनिशी तो पुढे सरकतो. लाल संपल्यावर उरणाऱ्या सहा रंगीत चेंडूंचे मिळून २७ च गुण होतात. म्हणजे तोवर ही आघाडी शाबूत राहिली, तर फाउलचे गुण वगळता ती फिटत नाही. हा आकडा ठरवणे हे नाजूक काम आहे, कारण आकडे ठरण्याच्या दिवसांत हात राखून खेळणारे आणि स्पर्धेत एकाएकी बहरणारे महाभाग प्रत्येक क्लबात असतात. शिवाय हौशी म्हणजे कच्चा असे समीकरण येथे चालत नाही: पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कोलकात्यात बिलियर्ड्सचे जे जागतिक विजेतेपद मिळवले, ते हौशी खेळाडूंचेच होते.

आकड्याला मात्र टेबलाचा स्वभाव ठाऊक नसतो. बारा फूट लांब आणि सहा फूट रुंद अशा या टेबलावर पाटीच्या दगडाची फरशी असते आणि तिच्यावर ताणून बसवलेल्या हिरव्या लोकरी कापडाला एकाच दिशेची लव असते. सकाळी मार्कर, म्हणजे टेबल राखणारा आणि गुण मांडणारा क्लबचा नोकर, त्या लवेच्या दिशेने ब्रश फिरवतो आणि मग तिच्यावरून गरम इस्त्री नेतो. जुलैच्या दमट हवेत तेच कापड ओल धरते, चेंडू जड चालतो आणि लवेच्या उलट हळू सोडलेला चेंडू खिशाच्या तोंडाशी येऊन किंचित वळतो. गंमत अशी की, ही वळणे मुरलेल्या खेळाडूलाच छळतात, कारण हळू मारण्याची कला त्याच्यापाशी असते. नवखा प्रत्येक चेंडू जोरात हाणतो आणि लव त्याच्या वाटेला जातच नाही.

तरीही नवख्याची खरी परीक्षा टेबलावर होत नाही, ती खुर्चीत होते. समोरचा खेळत असेतो त्याला स्वस्थ बसून, क्यूच्या टोकाला उगाच खडू घासत, आपले २८ गुण वितळताना पाहावे लागतात, आणि अखेर पाळी आली की तो घाईने अवघड चेंडूच्या मागे लागतो, जेव्हा पांढरा चेंडू लाल चेंडूंच्या आड नेऊन ठेवणे पुरले असते. अशा सामन्यांना पगारी पंच नसतो, त्यामुळे बाहीची कड एखाद्या चेंडूला लागली, तर ज्याची बाही त्यानेच ‘फाउल’ म्हणायचे असते, आणि कोणी पाहिलेले नसतानाही बहुतेक जण ते म्हणतात. या एका बाबतीत कोणालाही वाढीव गुण मिळत नाहीत.

सामना संपला की मार्कर फळ्यावरचे सरकते काटे शून्यावर आणतो, चिठ्ठीवरची पुढची जोडी वाचतो आणि एका बाजूचा काटा २८ वर नेऊन ठेवतो.