तीन किलोचे पहिलवान

बालदोस्तांनो, चला टोकियोला! तिथल्या र्‍योगोकू भागात १९८५ साली खुलं झालेलं कोकुगिकान हे भलंमोठं सभागृह आहे. तिथे अगडबंब सुमो पहिलवान एकमेकांना रिंगणाबाहेर ढकलतात. याच सभागृहात यंत्रमानवांच्या सुमो स्पर्धेच्या अंतिम लढतीही अनेकदा रंगल्या आहेत!

ही स्पर्धा १९९० साली सुरू झाली. रिंगण १५४ सेंटिमीटर व्यासाचं. पहिलवानाचं वजन जास्तीत जास्त ३ किलो, लांबी-रुंदी २० सेंटिमीटरच्या आत. काही यंत्रं आपली आपण लढतात, तर काहींना रिमोटने चालवतात. शाळकरी मुलंही त्यात उतरतात.

वजन सारखंच, मग जिंकतं कोण? जो जमिनीला घट्ट चिकटतो तो! म्हणून पोलादी रिंगणावर लढणाऱ्या यंत्राच्या पोटाखाली चुंबकं बसवतात. पुढे पातळ पातं असतं. ते प्रतिस्पर्ध्याखाली घुसलं, की त्याची चाकं उचललीच! मग मोटर कितीही दणकट असो, उपयोग काय? कित्येक महिन्यांची मेहनत क्षणात रिंगणाबाहेर.

पण घाबरू नका. जिंकायला दोन गुण लागतात. एकदा पडलेल्याला पुन्हा उभं राहता येतं. खऱ्या पहिलवानाची परीक्षा तिथेच होते, नाही का?