मस्कत किती लांब?

मोपा ते मस्कत हे अंतर सरळ रेषेत साधारण १,८५० किलोमीटर. विमान ते तीन तासांच्या आत कापते. आमच्या डिचोलीच्या घरात मात्र मस्कत असे कधी कुणी मोजले नाही.

काका तिकडे नोकरीला लागले तेव्हा झुआरीवर पूल नव्हता. तो १९८३ साली आला. दाबोळी गाठायची तर आगशीला फेरीबोटीच्या रांगेत उभे राहायचे. त्यातून मस्कतचे विमान मुंबईचे. मग काका दाबोळीच्या फंदात न पडता पणजीहून बोटीनेच जात. मुंबई ते दाबोळी हवेतून जेमतेम सव्वाचारशे किलोमीटर, पण बोटीला रात्र धरून जवळजवळ अख्खा दिवस लागे. पुढच्या मस्कतच्या प्रवासाचे घरी कुणाला काही वाटत नसे. काळजी सगळी भाऊच्या धक्क्यापर्यंतची.

आजीचा हिशेब आणखी वेगळा. तिचे माहेर दोडामार्गच्या पलीकडे, डिचोलीहून तासाभराच्या आत पोहोचावे इतक्यावर. भारताने नाकेबंदी केली आणि तो रस्ता तिला बंद झाला. त्याच काळात पोर्तुगीजांनी दाबोळीचा विमानतळ उभा केला. तिथून कराचीमार्गे थेट लिस्बनपर्यंत विमाने जाऊ लागली. लिस्बन आठ हजारांहून अधिक किलोमीटर दूर, तरी तिथे जाता येत होते. आजीला मात्र १९६१च्या डिसेंबरपर्यंत माहेरची वाट नव्हती. अंतराचे कोष्टक मांडणाऱ्यांनी असली उदाहरणेही कधीतरी घ्यावीत.

५ जानेवारी २०२३पासून मोपाहून विमाने उडू लागली. आता अस्नोडा, थिवी, कोलवाळ, धारगळ करत तासाभरात पोहोचतो. वाटेत ना मांडवी, ना झुआरी. सोय झाली हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या पठारावर लोकांच्या काजूच्या बागा होत्या, धनगरांची घरे होती. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९मध्ये पर्यावरण मंजुरी रोखली तेव्हा पेडण्यातल्या काहींना आशा वाटली होती. जानेवारी २०२०मध्ये ती स्थगिती उठली. आमचा वाचलेला वेळ त्यांच्या जमिनीवरून आला आहे, आणि तिकिटाच्या किमतीत तो कुठेच दिसत नाही.

विमान कंपन्यांचा वेळही तसा सोयीचाच. विमान जागेवरून हलले की तो सुरू होतो आणि पलीकडे जागेवर थांबले की संपतो. त्याआधीचे तास, सामानाच्या पट्ट्यापाशी ताटकळणे, टॅक्सीवाल्याशी घासाघीस, हे सगळे प्रवाशाच्या खाती.

आता गोव्यात दोन विमानतळ, सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटरवर. चुलतभाऊ स्वस्त तिकीट बघून कधी मुंबईमार्गे येतो, कधी बंगळूरमार्गे. फोनवर काकूचा पहिला प्रश्न असतो, ‘‘मोपा की दाबोळी?’’ दाबोळी म्हटले की ती भात तासभर उशिरा चढवते.