मुंबई-पणजी : अंतर आणि सोबत

मुंबईहून पणजी किती दूर, या प्रश्नाला पूर्वी एकच उत्तर नव्हते आणि आजही नाही. रस्त्याने विचाराल तर सुमारे ५९० किलोमीटर, म्हणजे बसने बारा ते चौदा तास. आकाशमार्गे विचाराल तर सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास आणि केवळ सव्वा तास. मात्र या सव्वा तासाचा हिशेब अपुरा आहे. वसईहून विमानतळ गाठण्यास दोन तास, तेथे दोन तास प्रतीक्षा आणि उतरल्यावर पुन्हा तास-दीड तास मोटार. म्हणजे दारापासून दारापर्यंत सहा-सात तास होतातच.

२१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन होते. आमच्या धर्मग्रामातून यात्रा निघायची ठरली आणि हे अंतर आमच्यापुढे निराळ्याच रूपात उभे राहिले. ऐपत असलेल्यांनी विमानाची भाषा सुरू केली, उरलेल्यांनी बसची. संत एक, वेदी एक, आणि यात्रा मात्र दोन! आम्हांला हे बोचले.

विमानाला नावे ठेवण्यात अर्थ नव्हता. मांडीचे हाड मोडलेल्या एका वृद्ध मावशींना बसमध्ये चौदा तास बसणे अशक्य होते. त्यांच्यासाठी विमान ही चैन नव्हती, दयेचे कृत्य होते. अखेर सर्वांनी मिळून ठरविले की वृद्ध आणि आजारी यांनी विमानाने जावे, त्यांच्या तिकिटांना ऐपतवाल्यांनी हातभार लावावा आणि धडधाकटांनी बस धरावी. आम्हीही बसमध्ये बसलो.

रस्ता सुखाचा नव्हता. २०११ साली सुरू झालेले महामार्गाचे चौपदरीकरण तेव्हाही ठिकठिकाणी अपुरेच होते. महाडजवळ सावित्री नदी आली, तेव्हा जपमाळ थांबवून आम्ही मृतांसाठी प्रार्थना केली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री येथील जुना पूल कोसळून दोन एस.टी. गाड्या पुरात गेल्या होत्या. विमानातून सावित्री दिसली असती तर एक रुपेरी रेघ म्हणून. तिचे दुःख दिसले नसते.

आमच्या गाडीत वाडीच्या बांधावरून कोर्टात गेलेले दोन भाऊ होते. चिपळूणला थोरल्याने चहाचा पेला धाकट्यापुढे केला, आणि त्याने तो घेतला. तंटा मिटला असे नव्हे. परंतु सव्वा तासात तो पेला पुढे झाला असता, असे आम्हांस वाटत नाही.

स्वतः झेवियर ७ एप्रिल १५४१ रोजी लिस्बनहून निघाले आणि ६ मे १५४२ रोजी गोव्यास पोहोचले. तेरा महिने! त्यांतील सुमारे सहा महिने मोझांबिकमध्ये अनुकूल वाऱ्याची वाट पाहण्यात गेले. तो वेळ त्यांनी आजाऱ्यांच्या सेवेत घालविला. त्यांचे मिशनकार्य गोव्यास पोहोचल्यावर नव्हे, वाटेतच सुरू झाले होते.

संत लूक यांनी जेरुसलेम ते अम्माऊस हे अंतर नेमके नोंदविले आहे : साठ स्टेडिया, म्हणजे सुमारे अकरा किलोमीटर. किती वेळ लागला, हे मात्र त्यांनी लिहिले नाही. वाटेत सोबतीला कोण आला, हे लिहिले. प्रवास विमानाचा असो वा बसचा, प्रिय वाचकहो, आपणही तेवढे विचारीत जावे : आपल्या शेजारी कोण आहे, आणि मागे कोण राहिले आहे?