शून्यानं भागलं तर?

आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात कोणी ना कोणी पाहुणे म्हणतातच, "जगाला शून्य आपण दिलं!" टाळ्या पडतात. आम्हीही वाजवतो. यंदा मात्र आमच्या सहावीतल्या कन्येनं टाळ्या थांबायच्या आत विचारलं, "बाबा, मग शून्यानं भागलं तर काय येतं, तेही आपणच सांगितलं का?" शाळेतल्या टीचर म्हणतात, असा भागाकार करायचाच नाही. फोनवर पुण्याचे आजोबा म्हणाले, "अगं, सोपं आहे. अनंत!" आता पोरीनं ऐकायचं कोणाचं?

आजोबांच्या बाजूनं साक्षात भास्कराचार्य उभे आहेत. बाराव्या शतकात, आपल्या 'बीजगणिता'त, त्यांनी ज्या राशीचा छेद शून्य आहे तिला 'खहर' म्हटलं. ('ख' म्हणजे आकाश, म्हणजेच शून्य.) तिच्यात कितीही मिळवा, कितीही काढा, ती तशीच राहते, सृष्टीच्या उत्पत्तीनं किंवा लयानं अनंत अच्युतात फरक पडत नाही, तशी. उपमा सुरेखच. आणि त्यात तथ्यही आहे. ६ ला ०.१ नं भागा, ६० येतात, ०.००१ नं भागा, ६०००. भाजक शून्याकडे सरकला की उत्तर फुगत जातं. पण भाजक उणे ०.००१ घेतला तर? उणे ६०००! म्हणजे उत्तर दुसऱ्याच टोकाला पळालं.

त्याहून मोठी अडचण म्हणजे ताळा. ६ भागिले २ बरोबर ३, कारण ३ गुणिले २ बरोबर ६. मग ६ भागिले शून्य 'अनंत' म्हटलं, तर अनंत गुणिले शून्य ६ यायला हवेत. ८ भागिले शून्यही अनंतच, म्हणजे तेच ८ पण यायला हवेत. मग ६ आणि ८ सारखेच की हो! देणेकऱ्याला हे गणित फार आवडेल.

शून्य भागिले शून्यची गंमत उलटी. तिथं ५ धरा, १७ धरा, ताळा जुळतोच. म्हणून एक उत्तर ठरत नाही. ब्रह्मगुप्तांनी इ.स. ६२८ मध्ये ते शून्य सांगितलं. त्यांचे शून्याच्या बेरीज-वजाबाकी-गुणाकाराचे नियम आजही जसेच्या तसे चालतात. हा एक चालत नाही. आम्ही मुलीला दोन्ही सांगितलं. सौ. म्हणाली, "कशाला सांगायचं? तेवढाच अभिमान असतो पोरांना." आमचं मत वेगळं. चुकलेलं झाकून मिरवलेला अभिमान कॉलेजात पहिल्याच वर्षी गळून पडतो. आणि जिथं इतरांकडे प्रश्नच नव्हता, तिथं या मंडळींनी उत्तर द्यायचं धाडस केलं, हे काय कमी आहे?

आमच्या धंद्यात मात्र कॉम्प्युटरला काहीतरी उत्तर द्यावंच लागतं. आय-ट्रिपल-ईच्या १९८५ सालच्या ७५४ क्रमांकाच्या मानकानुसार, दशांश-चिन्हाच्या हिशेबात १ भागिले शून्य 'अनंत' येतं. शून्य भागिले शून्य आणि अनंत वजा अनंत यांना 'संख्या नव्हे' असा शेरा मिळतो. म्हणजे आजोबा आणि टीचर, दोघांनाही थोडेथोडे मार्क! पूर्णांकांच्या भागाकारात मात्र ही सोय नाही. तिथं बरेचदा प्रोग्रॅमच बंद पडतो. सप्टेंबर १९९७ मध्ये अमेरिकन नौदलाच्या 'यॉर्कटाऊन' या युद्धनौकेवर कोणीतरी एका रकान्यात शून्य भरलं. त्यानं भागाकार झाला, जहाजावरचं कॉम्प्युटरचं जाळं कोसळलं आणि ते अवाढव्य जहाज दोन तासांहून अधिक काळ समुद्रात जागच्या जागी उभं राहिलं.